मातांचे ताट पाहणाऱ्या डॉ. ल्यूसी विल्स



यंदाच्या स्मरणिकेसाठी थोर स्त्रियांची चरित्रे लिहावयाची ठरली तेव्हा बहुतेक जणींनी जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई हीच नावे सांगितली. ते योग्यच आहे. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात; जिजाऊंचा अभिमान आपल्याला नाही तर कोणाला असावा? मी मात्र एका इंग्रज बाईंचे चरित्र निवडले आहे. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या तोंडी नाही, पण डॉक्टरी शिकणारी मुले ते जाणतात, आणि गरोदर बाईला जी गोळी सरकारी दवाखान्यातून मिळते तिच्यातला एक गुण याच बाईंच्या मुंबईतल्या कामापासून जगाला कळत गेला. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल आणि घर सांभाळणारी बाई. माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिच्या पुस्तकांतून तिने जे वाचून, समजावून दिले ते मी माझ्या शब्दांत मांडते आहे.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी, वडील विज्ञानाचे पदवीधर, आजोळी डॉक्टरकी. मुलींनी शिकावे असे मानणारे ते घर होते. चेल्टनहॅम येथील मुलींच्या शाळेत आणि पुढे केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या शिकल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. आपल्या लोणारच्या सरोवराला जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ येतात, त्यामुळे हे नाव आपल्याला परके नाही. १९११ साली त्यांनी परीक्षा दिली, परंतु केंब्रिज विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवीच देत नसे. अभ्यास पुरुषांइतका, परीक्षा तीच, आणि पदवी नाही. तिथल्या बायकांना ती मिळू लागली १९४८ साली! विलायतेत सगळे सुधारलेले होते असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्याच १९११ साली त्यांचे वडील वारले आणि १९१३ मध्ये थोरली बहीण एडिथ गेली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. आईला सोबत घेऊन ल्यूसीबाई सिलोनला जाऊन आल्या. पुढच्या वर्षी भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेल्या असता पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा केपटाऊन येथे त्यांनी काही दिवस रुग्णशुश्रूषा केली. माणसाचे मन कसे चालते हा विषयही त्यांना तेव्हा ओढ लावीत होता. डॉक्टर व्हायचे हे त्यांनी पक्के केले आणि १९१५ च्या जानेवारीत लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय शाळेत नाव घातले.

ही शाळा आपल्याला अगदीच परकी नाही बरे का. आपल्या डॉ. रखमाबाई याच शाळेत शिकल्या. लहानपणी झालेले लग्न मानायला ज्यांनी कोर्टात नकार दिला आणि १८९४ साली ज्या डॉक्टर झाल्या, त्याच त्या रखमाबाई. त्यांच्यानंतर वीस-एकवीस वर्षांनी त्याच दारातून ल्यूसीबाई आत गेल्या. १९२० साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना मात्र त्यांनी थाटला नाही. रॉयल फ्री हॉस्पिटलात शिकवणे आणि रक्ताची तपासणी व संशोधन करणे हे त्यांनी पत्करले. लग्न केले नाही.

आता मुंबईकडे वळू, कारण त्यांच्या आयुष्यातले मोठे काम तिथेच झाले.

त्या काळी मुंबईत गरोदर बायका एका विचित्र पांढरेपणाने दगावत. रक्त इतके कमी होई की बाळंतपणापर्यंत बाई पोचेल की नाही याची शाश्वती नसे. हा नेहमीचा लोह कमी पडल्याचा पंडुरोग नव्हता. लोह कमी पडले की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होतात. या बायकांच्या रक्तात त्या नेहमीपेक्षा मोठ्या, पण थोड्या आणि अर्धवट पिकलेल्या दिसत. हिंदुस्थानात बायकांच्या वैद्यकीय सेवेचे काम वर्षानुवर्षे केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी माता का मरतात याची चौकशी चालवली होती. तिचा खर्च करणारी संस्था म्हणजे आजच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे जुने रूप. या पंडुरोगाचा तपास लावण्यासाठी १९२८ साली ल्यूसीबाई मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. वय चाळीस. परका देश, परकी भाषा, आणि परळ म्हणजे गिरण्यांचा भाग. १९३३ पर्यंतची पाच वर्षे त्यांनी बहुतांशी तिथेच काढली. मध्ये १९२९ त काही महिने कुन्नूरला आणि १९३१ च्या आरंभी मद्रासच्या बायकांच्या इस्पितळातही त्यांनी काम केले.

डॉक्टर लोक तोवर जंतू शोधत होते. ल्यूसीबाईंनीही ती बाजू तपासली, पण हाती काही लागले नाही. तेव्हा त्यांनी एक असे काम केले की जे मला फार भावते. त्यांनी बायकांच्या ताटात पाहिले. मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतल्या बायका काय खातात, किती खातात, कशा घरात राहतात याची त्यांनी पाहणी केली. त्यांच्या मदतनीस म्हणून तळपदे यांचे नाव १९३० च्या त्या लेखावर आहे. पाहणीत दिसले ते असे की ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळ, दूधदुभते जवळजवळ नाहीच अशा गरीब बायकांत, आणि त्यातही गरीब मुसलमान बायकांत, हा रोग सर्वांत अधिक होता. आपल्या घरात शेवटी जेवणारी बाई काय जेवते हे पाहायला कोणी डॉक्टर तोवर आला नव्हता, तो सातासमुद्रापलीकडून आला, आणि तोही एक बाईच.

पाहून थांबल्या नाहीत. त्या गरीब बायकांच्या जेवणासारखे जेवण त्यांनी उंदरांना दिले. गाभण उंदरीण पांढरीफटक पडे आणि व्यायच्या आधीच मरे. त्याच खाण्यात यीस्ट, म्हणजे आंबवण्याचे किण्व, मिसळले की ती वाचे. झाले, उत्तर सापडले असे वाटते ना? पण मग कळले की त्या उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे पसरणारा एक वेगळा जंतू त्यांच्यात शिरला होता, आणि पंडुरोगात त्याचाही हात होता. कित्येक महिन्यांची मेहनत एका उवेने घोळात घातली! ल्यूसीबाईंनी ते लपवले नाही. त्यांनी माकडे घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या वेळी अशा रोगावर काळजाचा, म्हणजे लिव्हरचा, अर्क देत. १९२६ साली अमेरिकेत तो उपाय निघाला होता, पण तो महाग. गरीब बाईला तो कोण देणार? ल्यूसीबाईंनी स्वस्त असे काही शोधले आणि ते त्यांना इंग्लंडातल्या न्याहारीच्या टेबलावर सापडले. मार्माइट नावाचा काळा, खारट, चिकट पदार्थ तिकडे पावाला लावून खातात. बिअर गाळल्यावर खाली जे यीस्ट उरते त्यापासून तो करतात. तो त्यांनी गरोदर बायकांना दिला. काही दिवसांतच नव्या तांबड्या पेशी रक्तात दिसू लागल्या आणि ज्यांची आशा सोडली होती अशा बायका उठून बसल्या. १९३१ साली हे त्यांनी इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. अ आणि क जीवनसत्त्वे देऊन त्यांनी पाहिले होते, त्यांचा उपयोग झाला नव्हता. मार्माइटमधले ते औषधी द्रव्य कोणते हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून लोक त्याला विल्स यांचा घटक असे म्हणू लागले.

आणखी एक गोष्ट त्यांनी हेरली, आणि माझ्या लेखाचा पुढचा भाग तिच्यावरच उभा आहे. काळजाचा साधा, कच्चा अर्क माकडांच्या या पंडुरोगावर चाले, पण तोच फार शुद्ध केला की चालत नसे. उलट विलायतेत म्हाताऱ्या माणसांना होणाऱ्या जुन्या, घातक पंडुरोगावर तो शुद्ध अर्क चांगला चाले. म्हणजे दोन्ही रोगांचे रक्त सारखे दिसले तरी कमतरता दोन वेगळ्या होत्या. पुढे दोन्ही सापडल्या. १९४१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी कित्येक टन पालक घेऊन त्यातून एक द्रव्य चिमूटभर वेगळे काढले आणि लॅटिन भाषेतल्या पानाच्या नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले. हाच तो विल्स यांचा घटक. १९४५ साली ते कारखान्यात बनवता आले, आणि ज्या मंडळीने ते बनवले तिचे प्रमुख होते आपले आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव, ज्यांचे थोरले भाऊ संग्रहणीने गेले होते आणि ज्या संग्रहणीवर पुढे हेच औषध लागू पडले. दुसरे द्रव्य १९४८ मध्ये मिळाले. ते ब-१२ जीवनसत्त्व.

ल्यूसीबाई १९३३ त इंग्लंडला परतल्या. १९३७ साली पुन्हा मुंबईस आल्या, त्या दहा आठवड्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धात रॉयल फ्री हॉस्पिटलावर १९४४ च्या जुलैत जर्मनांचा उडता बॉम्ब पडला, माणसे दगावली, तरी काही दिवसांतच प्रयोगशाळा चालू झाली. १९४७ साली त्या निवृत्त झाल्या आणि जमैका, फिजी अशा दूरच्या देशांत जाऊन तिथल्या बायका-मुलांचे खाणे तपासत राहिल्या. लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षातर्फे नगरसेविकाही झाल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या.

त्यांचे काम रक्ताचे. मेंदूचे पुढे निघाले, ते त्यांना पाहायला मिळाले नाही. त्या गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, इंग्लंडातल्या दोन डॉक्टरांनी असे दाखवले की ज्यांची बाळे पाठीच्या कण्याचा किंवा डोक्याचा दोष घेऊन जन्मली त्या मातांमध्ये फॉलिक ॲसिडची कमतरता अधिक आढळते. भगिनींनो, हे नीट समजून घ्या. पोटातल्या बाळाचा मेंदू आणि कणा आधी एका पन्हळीसारखा असतो. ती पन्हळ मिटून तिची नळी होते. हे सगळे गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत उरकते. म्हणजे पाळी चुकली आहे की नुसती लांबली आहे असा विचार बाई करीत असते तोवर बाळाची ती नळी मिटून चुकलेली असते. नळी खाली उघडी राहिली तर पाठीवर गाठ येते, पाय लुळे पडतात. वर उघडी राहिली तर मेंदू होतच नाही आणि ते बाळ जगत नाही. १९९१ साली सात देशांतल्या १८१७ स्त्रियांवर, ज्यांना आधी असे बाळ झाले होते, केलेली चाचणी छापून आली. ज्यांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतले त्यांच्यात हा दोष ७२ टक्क्यांनी घटला.

माझ्या नात्यात एका मुलीला पाठीवर गाठ असलेले बाळ झाले. शस्त्रक्रिया झाली, पोर वाचली, शाळेत जाते, हुशार आहे, पण चालता येत नाही. तेव्हा घरात सगळ्यांनी त्या मुलीला विचारले की ग्रहणात तू काय चिरलेस, सुई हातात धरली होतीस का. बाळंतिणीच्या डोळ्यांचे पाणी खळेना. ग्रहणाचा आणि पाठीचा काही संबंध नाही. सगळेच असे दोष फॉलिक ॲसिडच्या कमतरतेने होतात असेही नाही. काही गोळी घेऊनही होतात. म्हणून ग्रहण गेले आणि गोळी आली, पण बोट तिच्याकडेच, असे होऊ नये. ती गोळी तिला लग्नाच्या वेळीच कोणी सांगितली असती तर, एवढाच प्रश्न मला पडतो.

कारण आपल्याकडे गोळी मिळते, पण बाई दवाखान्यात नाव नोंदवते तिसऱ्या महिन्यात, कधी चौथ्यात. लाल गोळी लोहाची आणि फॉलिक ॲसिडची असते. रक्तासाठी ती तेव्हाही हवीच, चुकवू नये, शौचाला काळे झाले म्हणून टाकून देऊ नये, आणि चहाबरोबर घेऊ नये. पण कण्याचे दिवस तोवर निघून गेलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे की मूल हवे असे ठरल्यापासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या निम्म्याहूनही कमी, फॉलिक ॲसिड घ्यावे. जिला आधी असे बाळ झाले आहे तिला दहापट मात्रा लागते, ती डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

ताटातले म्हणाल तर आपला भाग दरिद्री नाही. मेथी, पालक, अंबाडी, चाकवत, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा घोळाणा, पावसाळ्यात घोळ आणि तरोटा, शिवाय हरभरा, मूग, तूर, शेंगदाणे. या सगळ्यांत ते द्रव्य कमी-अधिक असते. ते उष्णतेने नासते आणि पाण्यात उतरते. भाजी उकडून पाणी मोरीत ओतणारी बाई त्यातला गुणच ओतत असते. अंबाडी आंबट म्हणून तिचे पाणी काढावे लागते हे मला माहीत आहे, पण मेथी-पालकाचे कशाला?

आता ते दुसरे द्रव्य, ब-१२. हे पालेभाजीत नाही, डाळीत नाही, कोणत्याच झाडपाल्यात नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच ते मिळते. म्हणून आपण शाकाहारी बायका, आणि त्यातही दूध विकून किंवा मुलांना देऊन स्वतः कोरा चहा पिणाऱ्या, यात पहिल्या सापडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. सुमारे दोन-तृतीयांश गरोदर बायकांत ब-१२ कमी निघाले. त्यांच्या मुलांना नऊ वर्षांची झाल्यावर तपासले, तेव्हा ज्यांच्या आईला गरोदरपणी ते फार कमी होते ती मुले लक्ष टिकवण्यात आणि आठवण ठेवण्यात मागे पडलेली दिसली. अंगावर पिणाऱ्या बाळाचे तर अधिकच हाल. आईतच नसेल तर दुधात कोठून येणार? असे बाळ गुबगुबीत दिसले तरी मलूल होते, कातडी काळवंडते, हसणे-बसणे शिकलेले विसरते, हातपाय थरथरतात. वेळीच ब-१२ मिळाले तर सुधारते.

आणि म्हातारपणी. आमच्या मामेसासूबाई अंगणात रोज सडा घालणाऱ्या. त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, अंधारात तोल जाऊ लागला, मग दिवा लावला की नाही हे आठवेना, शेवटी नातवांची नावे चुकू लागली. वय झाले असे सगळे म्हणत होते. एका डॉक्टरांनी रक्त तपासले; ब-१२ अगदी तळाला गेलेले. इंजेक्शने दिली. काही महिन्यांनी नावे परत आली, तोलही पुष्कळ सावरला. पायांच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. नसांचे जे उशिरा कळते ते सगळे भरून येत नाही. प्रत्येक विसराळूपणा याच कारणाने असतो असे समजू नये, पण ही एक रक्ततपासणी करून घेतल्यावाचून वय झाले म्हणू नये. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताच्या गोळ्या कायम खाणाऱ्यांतही हे द्रव्य कमी पडते.

इथेच ल्यूसीबाईंनी हेरलेले ते दोन अर्कांचे वेगळेपण कामाला येते. फॉलिक ॲसिड नवे निघाले तेव्हा काही डॉक्टरांनी ते ब-१२ कमी असलेल्या रोग्यांनाही दिले. रक्त छान सुधारले, रोगी तांबूस दिसू लागला, आणि आतून नसा मात्र बिघडत गेल्या. म्हणून शाकाहारी माणसाने स्वतःच्या मनाने फॉलिक ॲसिडच्या मोठ्या मात्रा घेत राहू नये; दोन्ही तपासून घ्यावे.

माझ्या पुतणीचे लग्न येत्या वैशाखात आहे. तिच्या आईला मी हे सगळे सांगितले तेव्हा आधी लाजून हसल्या, लग्नाआधी कसली बाळाची गोळी म्हणून. मग दोघी मायलेकी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. रक्त तपासले, ब-१२ थोडे कमी होते, त्याचे औषध सुरू आहे, आणि फॉलिक ॲसिडची गोळी हळदीच्या महिनाभर आधीपासून सुरू करायची असे त्यांनी लिहून दिले आहे.